मेंढरांआधी कुत्र्याची तयारी करा
वाडे कोकणात उतरण्यापूर्वी मेंढपाळांनी आणि वाटेवरच्या गावांनी घ्यायची काळजी

गौरी-गणपती उरकले की माण, खटाव, फलटण, बारामती, इंदापूर या पट्ट्यातल्या धनगर वाड्यांवर निघायची बोलणी सुरू होतात. पावसाळाभर गावाकडच्या माळावर चरलेली मेंढरं आता बाहेर काढायची असतात. कुणी वरंधा घाटाने महाडकडे उतरतो, कुणी कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे जातो, तर कुणी घाट न उतरता वरच्याच बागायती पट्ट्यात फिरतो. कापणी झालेल्या शेतात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला लेंडीखत द्यायचे, बदल्यात धान्य किंवा रोख घ्यायची आणि मिरगाच्या आत घर गाठायचे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. कोकणात उतरणाऱ्याची एका बाजूची वाट दीड-दोनशे किलोमीटरची आणि घराबाहेरचा काळ सहा-सात महिन्यांचा.

या वाटेची तयारी वाड्यात चोख असते. घोड्याचे नाल, वाघुरीची जाळी, तळ ठोकायचे सामान, मेंढरांना आंत्रविषाराची लस, जंताचे औषध, सगळे आठवणीने होते. राहून जाते ते कुत्रं. ‘ते काय, येईलच पाठोपाठ’ असे धरून चालतात आणि ते येतेही. पण रात्री वाघुरीभोवती जागते ते हेच कुत्रं. परदेशातल्या कुत्र्यासारखे ते मेंढरं वळवत नाही. त्याचे काम राखणीचे. लांडगा आला, बिबट्या आला, चोर आला, की पहिली वर्दी त्याची. शिवाय वाड्यातली बारकी पोरं त्याच्याच अंगाखांद्यावर खेळतात. म्हणून त्याच्या तयारीत ढिलाई झाली तर ती मेंढरांना बाधते, पोरांना बाधते आणि ज्या गावात तळ पडतो त्या गावालाही बाधते.

मेंढपाळ बंधूंनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. कुत्र्याची तयारी निघायच्या दिवशी होत नाही. ती निदान दीड महिना आधी सुरू करावी लागते.

गणपतीत पहिली लस, दसऱ्याला दुसरी

पिसाळ म्हणजे रेबीज. हा रोग एकदा अंगात उमटला की त्यावर औषध नाही. जनावर असो की माणूस, मरण ठरलेले. जगात रेबीजने जेवढी माणसे दगावतात त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक एकट्या भारतात दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि या रोगाला अडवणारी लस मात्र तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळू शकते.

लस टोचली आणि लगेच निघालो, असे करून भागत नाही. अंगात पुरेशी ताकद यायला तीन-चार आठवडे लागतात. ज्या कुत्र्याला आजवर लस दिलेली नाही त्याला एक लस, महिन्याने दुसरी आणि पुढे दरवर्षी एक, असा क्रम पाळतात. म्हणून निघायच्या तारखेपासून मागे मोजा. दिवाळी करून निघणार असाल तर गणपतीत पहिली आणि दसऱ्याच्या सुमारास दुसरी, असा हिशेब सोपा पडतो. दसऱ्यालाच वाट धरणाऱ्यांनी नारळी पौर्णिमेपासून सुरुवात करावी. पिलू असेल तर तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस द्यावी.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. रेबीजची लस शोधणारे लुई पाश्चर १८९५ साली याच दिवशी वारले. या दिवसाच्या आसपास ठिकठिकाणी लसीकरणाची शिबिरे होतात. गावात शिबिर असेल तर वाड्यातली सगळी कुत्री एकदम नेऊन आणावीत. लस थंड पेटीत ठेवावी लागते. उन्हात तापलेली लस टोचली तरी उपयोग नाही. तेव्हा कुणाकडून कुपी आणून तळावर स्वतः टोचण्यापेक्षा दवाखानाच बरा. दाखला घ्यावा आणि रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवावा.

उशीर झाला असेल तर ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून देऊ नका. निघण्याआधी एक लस तरी टोचा आणि पहिला महिना त्या कुत्र्याला वाटेवरच्या गावकुत्र्यांपासून दूर ठेवा.

मेलेल्या मेंढीचे डोके कुत्र्याला नको

कळपात एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच अंगाला गोल गोल फिरते, तिला दिसेनासे होते, चरणे सुटते आणि शेवटी मरते. हे तुम्ही पाहिले असेल. पुष्कळ जण याला बाहेरची बाधा समजतात. पशुवैद्यक याला गिड म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्याचे मूळ आपल्याच कुत्र्याच्या पोटात असते.

ते कसे, बघा. कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी असतो. त्याची अंडी विष्ठेतून चराऊ रानावर पडतात. गवताबरोबर ती मेंढीच्या पोटात जातात आणि त्यातून निघालेली अळी रक्तावाटे मेंदूत जाऊन पाण्याने भरलेली गाठ तयार करते. गाठ वाढली की मेंढी फिरायला लागते. मेल्यावर तिचे डोके कुत्र्याने फोडून खाल्ले की गाठीतला कृमी पुन्हा कुत्र्याच्या पोटात. असे हे रहाट चालू राहते. यकृतात आणि फुप्फुसात पाण्याच्या गाठी करणारा असाच दुसरा बारीक कृमी आहे. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतातही मोठ्या गाठी होतात आणि ऑपरेशनची पाळी येते.

हे रहाट तोडायला दोन कामे पुरेत. पहिले, निघण्याआधी आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी कुत्र्याला पट्टकृमीचे औषध द्यावे. जंताच्या प्रत्येक गोळीने पट्टकृमी जात नाही. डॉक्टरांना तसे सांगून, कुत्र्याच्या वजनाप्रमाणे गोळी घ्यावी. औषध दिल्यावर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवून विष्ठा पुरावी. दुसरे, मेलेल्या किंवा कापलेल्या जनावराचे डोके, काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढे कच्चे टाकू नये. खोल खड्ड्यात पुरावे. द्यायचेच तर चांगले उकळून द्यावे. कुत्र्याशी खेळून आलेल्या पोरांनी हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, हा नेमही वाड्यात करून टाकावा.

कोणते न्यायचे, कोणते ठेवायचे

वाड्यातले प्रत्येक कुत्रं वाटेला लावलेच पाहिजे असे नाही. लंगडणारे, दात गेलेले म्हातारे कुत्रं घाटात मागे पडते. ते मागे राहणाऱ्या थोरल्या माणसांजवळ घराला राखण म्हणून ठेवावे. लहान पिलाला चालवू नये. कोकरं आणि कोंबड्या घोड्यावर जातात तसे पिलूही घोड्यावर बसवावे. गाभण कुत्री असेल तर दिवस मोजा. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. वाटेत विणार असेल तर तिची सोय आधीच बघा.

माजावर आलेली कुत्री बरोबर असली की वाटेवरच्या प्रत्येक गावची कुत्री तळाभोवती गोळा होतात. भांडणे लागतात, चावाचावी होते आणि रेबीज पसरायला वाट मोकळी मिळते. यावर नसबंदी हाच उपाय. पण शस्त्रक्रियेची जखम भरायला दहा-पंधरा दिवस लागतात. हे कामही निघायच्या आठवड्यात न करता आधीच उरकावे.

निघायच्या पंधरा दिवस आधी कुत्र्याला चालीची सवय लावावी. पावसाळाभर अंगणात लोळलेल्या कुत्र्याचे तळवे मऊ पडलेले असतात. आधी तीन-चार किलोमीटर, मग वाढवत न्यावे. याच दिवसांत दोरीने चालायला शिकवावे. गळ्यात रुंद पट्टा, त्यावर मालकाचा मोबाईल नंबर आणि रेडियमची पट्टी असावी. पहाटेच्या अंधारात घाटरस्त्याने ट्रकवाल्याला दुरून दिसते ती ही पट्टी.

उतरताना थंडी, परतताना वैशाख

जाताना कार्तिकाचा गारवा असतो. परतताना मात्र वैशाखाचे ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच अंग थंड करते. त्यामुळे आपल्याला सोसवेल तेवढे ऊन त्याला सोसत नाही. पहाटे चालावे, ऊन चढायच्या आत सावली गाठावी आणि उरलेली चाल सायंकाळी करावी. डांबरी रस्त्यावर हाताची पाठ टेकवून पाहा. पाच-सात आकडे मोजेपर्यंत हात ठेववला नाही तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे तळवे भाजणार. त्याला कडेच्या मातीतून किंवा गवतातून न्यावे.

वीस किलोच्या कुत्र्याला नुसते बसून असताना दिवसाला लिटर-सव्वालिटर पाणी लागते. चालीच्या दिवशी त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा. मेंढरांना ओढ्यावर पाणी दाखवता तेव्हा कुत्र्यालाही थांबवा. शिवाय घोड्यावर एक कॅन त्याच्या वाट्याचा ठेवावा. तोंडातून घट्ट लाळ, जीभ लालभडक, चालताना झोकांड्या, ही ऊन लागल्याची खूण. लगेच सावलीत घ्या. पोट, जांघा आणि पाय साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला, शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पाजा आणि १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकाची मदत मागा.

नुसत्या कोरड्या भाकरीवर कुत्रं महिनोन्‌महिने चालू शकत नाही. भाकरीबरोबर दूध, डाळ, उकडलेले अंडे किंवा मटणाचे तुकडे मिळाले पाहिजेत. मुख्य जेवण संध्याकाळी तळ पडल्यावर, तासभर विसावा झाल्यावर द्यावे. सकाळी थोडेच. भरल्या पोटी चाल नको. कांदा-लसणाचे कालवण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे असते. शिजवलेल्या हाडाचे तुकडे आतड्यात रुततात, तेही देऊ नयेत.

रोज संध्याकाळी मेंढरं वाघुरीत गेली की घटकाभर कुत्र्याचे पाय बघा. बोटांच्या बेचक्यात सराटा, बाभळीचा काटा, कुसळ अडकते. कुसळ कानातही शिरते; कुत्रं एकाच बाजूला डोके झटकू लागले की ओळखावे. काटा काढून जागा स्वच्छ पाण्याने धुवावी आणि कोरडी ठेवावी. जखम उघडी राहिली तर माशी बसून किडे पडतात. गोचीड रोज काढावी, कारण गोचिडीतून कुत्र्याला ताप येतो आणि ते रक्त कमी होऊन खंगते. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. मेंढरांच्या गोचिडीचे औषध त्याच मापाने कुत्र्याला लावू नये आणि माणसाची ताप-दुखीची गोळी त्याला देऊ नये. दोन्हींनी कुत्रं दगावू शकते.

गावातून जाताना, रानात उतरताना

गावची वेस आली की गावकुत्री अंगावर येतात. अशा वेळी आपले कुत्रं मोकळे नको. त्याला दोरीला धरून घोड्याच्या बाजूने, कळपाच्या मधून न्यावे. एकाने काठी घेऊन मागे राहावे. दगड मारू नयेत. दगडाने भांडण मिटत नाही, भडकते. जाताना तळ सोडण्यापूर्वी जशी मेंढरं मोजता तशी कुत्रीही मोजा. चुकून मागे राहिलेले कुत्रं त्या गावाचे भटके होते, आणि पुढच्या वर्षी त्याच गावात तळ मागताना तोंड द्यावे लागते ते तुम्हाला.

बिबट्याच्या मुलखात कुत्रं तळाच्या कडेला एकटे बांधून ठेवू नये. बांधलेले कुत्रं म्हणजे त्याला आयते भक्ष्य. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्याचा निघाला. बांधायचेच तर माणसे झोपतात तिथे, उजेडात बांधावे. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातला तर बिबट्याने मान धरली तरी वाचायची आशा राहते.

लांडग्याचीही बाजू आहे. लांडगा, चिंकारा हे आपल्या माळाचेच प्राणी, कायद्याने संरक्षित. कुत्र्याचे आजार त्यांना लागतात. कुंभार्ली घाटाच्या दोन्ही अंगांना सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख आहे. कोयना आणि चांदोली मिळून तो २०१० साली झाला. अशा जंगलाच्या कडेने जाताना कुत्रं शिकारीमागे सोडू नये. वनरक्षकाशी वाद होतो आणि कुत्रंही जाते.

चावले तर

वाड्यात कुणाला कुत्रं चावले, मग ते आपले असो की गावाचे, पहिली पंधरा मिनिटे महत्त्वाची. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. चटणी, चुना, तेल, तंबाखू काही भरू नये. घट्ट बांधू नये. मग सरळ सरकारी दवाखाना गाठावा. तिथे लस मोफत आहे. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. ते लहान दवाखान्यात नसेल तर कुठे मिळेल हे तिथेच विचारून लगेच पुढे जावे.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या भीतीने अजूनही काही जण दवाखान्यात जात नाहीत. ती जुनी लस २००४ साली बंद झाली. आता इंजेक्शन दंडात असते. त्वचेत द्यायच्या पद्धतीत पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी, असे चार वेळा जावे लागते.

वाड्याची खरी अडचण इथेच होते. पहिली सुई भोरला घेतली आणि सातव्या दिवशी बिऱ्हाड घाट उतरून महाडच्या बाजूला. अठ्ठाविसाव्या दिवशी आणखी तिसऱ्या तालुक्यात. मग राहिलेल्या सुया राहूनच जातात. म्हणून पहिल्या दिवशीच कार्ड मागून घ्या, पुढच्या तारखा लिहून घ्या आणि पुढचे मुक्काम त्या तारखांशी जुळवा. कार्ड दाखवून पुढची सुई वाटेवरच्या दुसऱ्या सरकारी दवाखान्यात घेता येते. चावणारे कुत्रं दिसत राहील असे असेल तर दहा दिवस त्यावर लक्ष ठेवावे, पण त्यासाठी आपली लस थांबवू नये. मेंढीला किंवा घोड्याला चावले तर त्यांनाही लस असते. पशुवैद्यकाला लगेच सांगावे.

शेतकरी आणि ग्रामपंचायतीसाठी

शेतकरी बंधूंनो, शेतात मेंढरं बसवायचा बोल ठरवताना किती रात्री, किती धान्य हे ठरते. त्याच बोलण्यात कुत्र्यांच्या लसीचा दाखलाही विचारा. यात संशयाचे काही नाही. तुमची पोरं त्याच बांधावरून शाळेत जातात. आणि तुमच्याही बाजूने दोन गोष्टी पाळा. उंदराच्या विषाची आमिषे तळाच्या रानात उघडी ठेवू नका. रानडुकरासाठी कुंपणात वीज सोडू नका. ती बेकायदा आहे, आणि तिने कुत्र्याआधी माणूसही मरू शकतो.

सरपंच, ग्रामसेवक आणि पशुधन पर्यवेक्षक यांच्यासाठी मुद्दा वेगळा आहे. कुत्र्यांमुळे होणारा रेबीजचा मानवी मृत्यू २०३० पर्यंत थांबवायचा, अशी योजना केंद्र सरकारने २०२१ साली जाहीर केली. त्यासाठी दहापैकी निदान सात कुत्र्यांना लस हवी. पण वाड्याबरोबरचे कुत्रं नेमके कोणत्या गावच्या दहांत मोजायचे? घरच्या गावात शिबिर होते तेव्हा ते महाडला असते. महाडला शिबिर होते तेव्हा ते परतीच्या घाटात. दोन्ही गावांच्या यादीतून ते सुटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या मेंढपाळांची प्रथमच स्वतंत्र नोंद घेण्याचे ठरले. कुत्र्याच्या बाबतीतही हाच विचार झाला पाहिजे.

काम फार मोठे नाही. ज्या गावांतून वाडे निघतात त्या ग्रामपंचायतींनी शिबिर गणपतीच्या सुमारास घ्यावे, दिवाळीनंतर नव्हे. आणि त्याची दवंडी वाड्यावस्त्यांवरही पोचवावी. जिथे वाडे येतात तिथे तळ पडला की आठवडाभरात पर्यवेक्षकाने एक चक्कर मारावी. दाखला असेल तर नोंद करावी, नसेल तर तिथेच लस टोचावी. मेलेले जनावर पुरायला जागा दाखवून द्यावी. आषाढीला पायी जाणाऱ्या दिंड्यांच्या मागेही कुत्री लागतात आणि पार पंढरपुरापर्यंत चालत जातात. दिंडीप्रमुखांनीही निघण्याआधी याच गोष्टींचा विचार करावा.

खंडोबाबरोबर कुत्रं असते, आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा घास आपण कुत्र्याला आवर्जून घालतो. तो घास घालायची वेळ येते तेव्हा वाडा घरापासून लांब, कुठल्यातरी खाचरात असतो. तोवर त्या कुत्र्याच्या दोन्ही लसी झालेल्या असाव्यात, पोटातला कृमी गेलेला असावा आणि पट्ट्यावर मालकाचा नंबर असावा. त्यासाठी या गणपतीतच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक खेप करा. पुढचे सहा-सात महिने मेंढरं, पोरं आणि वाटेवरची गावं निर्धास्त राहतील.